कबुली आणि शोकात्मता : 'थ्री मेन अँड अडीना' या दूरचित्रवाणी-नाट्याचा अभ्यास

१. प्रास्ताविक

गुन्हेकथा हा वाङ्मयप्रकार वाचकाशी एक अलिखित करार करीत असतो. आरंभी खून होतो, मध्यंतरी संशयाची सुई अनेकांवरून फिरते आणि अखेरीस गुन्हेगाराचे नाव कळते, असा हा करार आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांपासून मराठी वाचकाला तो परिचयाचा आहे. या करारात मृत्यू हा शोकाचा विषय क्वचितच असतो. बहुधा तो एका कोड्याचे निमित्त असतो आणि कोडे सुटले की मृताचे विस्मरण होते. शोकात्मिकेची रीत याच्या उलट आहे. तेथे ज्ञान झाल्याने दुःख संपत नाही, उलट ज्ञानापासूनच खऱ्या दुःखाला प्रारंभ होतो. म्हणूनच गुन्हेकथा ही करमणुकीची आणि शोकात्मिका ही गंभीर वाङ्मयाची, अशी विभागणी समीक्षेत दीर्घकाळ रूढ राहिली.

ही विभागणी अपुरी असल्याची साक्ष देणारी एक कलाकृती अमेरिकन दूरचित्रवाणीवर मार्च १९९३ मध्ये सादर झाली. 'होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट' या एन.बी.सी. वाहिनीवरील मालिकेच्या पहिल्याच वर्षातील हा भाग असून त्याचे नाव 'थ्री मेन अँड अडीना' असे आहे. टॉम फाँटाना यांनी तो लिहिला आणि मार्टिन कॅम्बेल यांनी दिग्दर्शित केला. या लेखनासाठी फाँटाना यांना १९९३ चा एमी पुरस्कार मिळाला. पुरस्कार त्या त्या वर्षाचे असतात. पण तीन दशकांनंतरही हा भाग पाहणाऱ्याला अस्वस्थ का करतो, हा प्रश्न वाङ्मयीन आहे. प्रस्तुत लेखात या भागाचा विचार मालिकेचा एक तुकडा म्हणून न करता स्वतंत्र नाट्यसंहिता म्हणून केला आहे.

२. पार्श्वभूमी

या मालिकेचा उगम एका पुस्तकात आहे. बाल्टिमोर शहरातील वृत्तपत्राचे वार्ताहर डेव्हिड सायमन यांनी १९८८ हे संपूर्ण वर्ष तेथील पोलिसांच्या खून-तपास विभागात घालविले आणि त्या अनुभवावर आधारलेला ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वर्षी शहरात अकरा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला होता. परिसरातील एका वयस्क दुकानदारावर तपास-अधिकाऱ्याचा संशय होता. त्याची वारंवार चौकशी झाली, परंतु गुन्हा कधीच सिद्ध झाला नाही. मालिकेतील अडीना वॉटसन ही बालिका या वास्तवातून आली आहे. मुळातच जे प्रकरण अनिर्णित राहिले, त्याला कल्पितात उत्तर द्यावे की नाही, हा लेखकापुढील पहिला नैतिक प्रश्न होता. उत्तर देणे सोपे होते आणि प्रेक्षकांना ते रुचलेही असते. लेखकाने ते दिले नाही. संहितेचा पुढील सारा व्यूह या एका नकारावर उभा आहे.

३. संविधानक

संविधानक अत्यंत साधे आहे. टिम बेलिस हा विभागात नव्याने आलेला अधिकारी असून अडीनाचा खून हे त्याच्याकडे सोपविलेले पहिलेच प्रकरण आहे. फ्रँक पेम्बल्टन हा त्याचा सहकारी चौकशीच्या कलेत निष्णात मानला जातो. संशयित रिस्ले टकर हा वृद्ध, कृष्णवर्णीय 'एरॅबर' आहे. घोडागाडीवर फळे-भाजी घेऊन बाल्टिमोरच्या गल्ल्यांतून ओरडत फिरणाऱ्या विक्रेत्यांना तेथे हे नाव आहे. अडीनाची त्याच्याशी चांगली ओळख होती. तिच्या कपड्यांवर सापडलेली काजळी टकरच्या जळालेल्या तबेल्यातील काजळीशी जुळते. एवढाच काय तो पुरावा पोलिसांच्या हाती आहे. अधिकाऱ्यांना बारा तासांची मुदत आहे. त्या अवधीत टकरने कबुली दिली तर खटला उभा राहील. न दिल्यास त्याला सोडावे लागेल.

दोघे आळीपाळीने त्याच्याशी बोलतात. कधी जवळीक साधतात, कधी धमकावतात, कधी पुरावा समोर ठेवतात, कधी त्याच्या मद्यपानाच्या पूर्वायुष्याला हात घालतात. बेलिसचा तोल सुटून तो हिंसेच्या काठावर जातो. अखेरीस टकर बोलतो. मात्र जे बोलतो ती खुनाची कबुली नसते. मुदत संपते आणि वृद्ध मनुष्य खोलीबाहेर पडतो.

४. स्थल आणि काल

जवळजवळ संपूर्ण भाग एकाच खोलीत घडतो. पोलिसांच्या बोलीत तिला 'बॉक्स' म्हणतात. टेबल, खुर्च्या, भिंती आणि तीन माणसे यांखेरीज तेथे फारसे काही नाही. एरवी ही मालिका सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने, शहराच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर चित्रित होत असे. ते सारे शहर या भागापुरते दाराबाहेर ठेवले आहे.

स्थल, काल आणि कृती यांच्या तीन ऐक्यांचा सिद्धांत ॲरिस्टॉटलच्या नावावर सांगितला जात असला, तरी त्याचा खरा आग्रह कृतीच्या ऐक्यासाठी होता. स्थलैक्याचा नियम प्रबोधनकाळातील भाष्यकारांनी घातला. या संहितेत मात्र तिन्ही ऐक्ये अपरिहार्यपणे येतात, कारण चौकशी ही कृतीच मुळात बंद खोलीची आणि मोजक्या वेळेची असते. बारा तासांची मुदत हे केवळ उत्कंठेचे साधन नाही. वेळ सरत जातो तसतसे अधिकाऱ्यांचे चातुर्य संपत जाते, आणि चातुर्य संपल्यावर जे उरते ते त्यांचे स्वतःचे स्वभाव असतात. खोलीतील एकांत टकरला उघडे पाडण्यासाठी योजलेला आहे. पण एकांत पक्षपात करीत नाही. तेथे बसलेल्या तिघांवर तो सारखाच परिणाम करतो.

५. कबुलीचे दोन अर्थ

या संहितेचे केंद्र 'कबुली' ही संकल्पना आहे. भारतीय वाचकाने येथे एक कायदेशीर भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तेविसाव्या कलमात हेच तत्त्व कायम आहे. त्यामुळे आपल्याकडे पोलीस ठाण्यातील कबुली ही खटल्याची अखेर असू शकत नाही. अमेरिकेत तसे नाही. १९६६ च्या मिरांडा निर्णयाने आरोपीला मौनाचा व वकिलाचा अधिकार समजावून सांगणे बंधनकारक झाले. परंतु त्यानंतर स्वेच्छेने दिलेली कबुली न्यायालयात ग्राह्य ठरते. १९६९ च्या एका निर्णयानुसार तर चौकशीत पोलिसांनी असत्य सांगितले, एवढ्याच कारणाने कबुली बाद होत नाही. तेव्हा पेम्बल्टनचे शब्दकौशल्य ही तेथे केवळ नाट्यगत शोभा नसून ती कायद्याने मोकळीक दिलेली एक शक्ती आहे. मालिकेच्या पहिल्याच भागात तो आपल्या कामाची तुलना विक्रेत्याच्या कामाशी करतो : ज्याला तुरुंगवासाचा काहीच उपयोग नाही, त्याच्या गळी तो उतरवायचा. विक्रेता म्हणविणारा हा अधिकारी टकरच्या रूपाने एका खऱ्या विक्रेत्यासमोर येऊन बसतो, हा योग अर्थपूर्ण आहे.

दुसरा भेद भाषेचा आहे. इंग्रजीत पोलिसांपुढील जबाब आणि धर्मगुरूंपुढील पापोच्चार या दोहोंना एकच शब्द आहे. मराठीत पहिल्याला 'कबुलीजबाब' व दुसऱ्याला 'पापनिवेदन' म्हणतात. गोव्यातील ख्रिस्ती समाजात त्यालाच 'कुमसार' म्हणतात. मराठीने जे वेगळे ठेवले ते इंग्रजीत एकवटलेले असल्यामुळे या संहितेतील श्लेष तेथे सहज घडतो, आणि मराठी अभ्यासकाला तो उलगडून पाहावा लागतो. पेम्बल्टन हा जेझुइटांच्या शाळेत घडलेला कॅथलिक आहे. बंद खोली, समोरासमोर बसलेले दोन जीव आणि खालच्या आवाजातील संवाद ही रचना पापनिवेदनाची आहे. हेतू मात्र कबुलीजबाबाचा आहे. पापनिवेदनात बोलणाऱ्याला क्षमा मिळते. कबुलीजबाबात त्याला शिक्षा मिळते. पेम्बल्टनची सारी कला दुसऱ्याला पहिल्याचे रूप देण्यात आहे.

या दृष्टीने पाहता भागाच्या उत्कर्षबिंदूचा अर्थ स्पष्ट होतो. टकर खरोखरच अंतःकरण उघडे करतो. आपल्या आयुष्यातील एकमेव मोठे प्रेम ही अकरा वर्षांची मुलगी होती, असे हा वृद्ध सांगतो. तिला स्पर्श केल्याचे मात्र तो नाकारतो. हे ऐकताना अंगावर काटा येतो, कारण हे वाक्य एकाच वेळी निष्पाप माणसाचे असू शकते आणि अपराध्याचेही. पापनिवेदन घडले आहे. कबुलीजबाब हाती आलेला नाही. अधिकाऱ्यांना हवे होते ते कृत्याचे वर्णन, मिळते ते मनाचे. कायद्याला मनाचा हा दाखला निरुपयोगी आहे. मनुष्य म्हणून तो ज्यांनी ऐकला, त्यांना मात्र तो विसरता येणार नाही.

६. चौकशीचा उलटा प्रवाह

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला येथे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (प्रथम प्रयोग १९६७) या नाटकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. प्रभावाचा संबंध येथे अभिप्रेत नाही. साम्य रचनातत्त्वाचे आहे. तेथे खेळ म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला लीला बेणारेच्या खासगी आयुष्याचा घास घेऊ लागतो, आणि तिच्यावर आरोप ठेवणाऱ्यांचेच चेहरे उघडे पडत जातात. चौकशी करणाऱ्याची चौकशी हे दोन्ही कृतींचे सूत्र आहे.

भेद मात्र महत्त्वाचा आहे. बेणारेचे अखेरचे दीर्घ भाषण तिच्याभोवतीची माणसे ऐकतच नाहीत. काळ थांबलेला असतो, आणि ते संपल्यावर खेळ जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे सुरू होतो. टकरचे बोलणे मात्र दोघेही ऐकतात आणि घायाळ होतात. पेम्बल्टनला तो सुनावतो की, हा शिकलासवरलेला कृष्णवर्णीय अधिकारी आपल्यासारख्या गरीब कृष्णवर्णीयांचा मनातून तिरस्कार करतो. कायद्याच्या बाजूला बसलेला आणि आरोपीच्या बाजूला बसलेला अशा दोन कृष्णवर्णीयांमधील वर्गभेद येथे प्रकट होतो. वंशविद्वेषाचा प्रश्न गोऱ्या-काळ्यांच्या ढोबळ द्वंद्वात न मांडता एकाच समाजाच्या अंतर्गत दुभंगात मांडणे, हे या संहितेचे एक धीट पाऊल आहे. बेलिसला टकर सांगतो की, त्याच्या आत एक काळोखी बाजू आहे आणि तिचीच त्याला भीती वाटते.

हे शब्द पराभूत माणसाचा सूड म्हणून सोडून देता येत नाहीत. पुढे १९९७ मधील 'बिट्रेयल' या भागात, बालपणी आपल्यावर चुलत्याने लैंगिक अत्याचार केला होता हे बेलिस सांगतो. त्या उलगड्याच्या उजेडात मागे वळून पाहिले असता, एका बालिकेच्या खुनाने त्याला इतके का पछाडले होते आणि टकरने नेमके कोठे बोट ठेवले होते, हे नव्याने कळते. १९९३ मध्ये हा संवाद लिहिला जाताना पुढील तपशील ठरलेला होता किंवा नाही, हा प्रश्न गौण आहे. संहितेने पात्रात पुरेशी खोली ठेवली होती म्हणूनच पुढील लेखनाला तेथे उतरता आले.

७. अभिज्ञान

सोफोक्लीझच्या 'ईडिपस' या नाटकाला गुन्हेशोधाच्या कथेचे आद्यरूप मानण्याची प्रथा आहे. राजा खुन्याचा शोध घेतो आणि शोधाच्या अंती तो स्वतःपाशी पोहोचतो. ॲरिस्टॉटलने अभिज्ञान आणि स्थित्यंतर एकाच क्षणी घडणे श्रेष्ठ मानले, आणि त्यासाठी याच नाटकाचा दाखला दिला. तेथे अभिज्ञान भयंकर असले तरी परिपूर्ण आहे : ईडिपसला खुनीही सापडतो आणि स्वतःची ओळखही पटते. अडीनाच्या कथेत अभिज्ञानाचा हा संयोग फुटलेला आहे. बेलिसला स्वतःची ओळख पटते. खुनी मात्र सापडत नाही. शोकात्मिकेचे दुःख येथे आहे, तिने दिलेले ज्ञान येथे नाही.

संस्कृत परंपरेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. 'मृच्छकटिका'च्या नवव्या अंकात न्यायाधिकरण चारुदत्ताला वसंतसेनेच्या खुनाबद्दल दोषी ठरविते. पुरावा त्याच्याविरुद्ध दिसतो, न्याय चुकतो. पण दहाव्या अंकात वसंतसेना जिवंत येऊन उभी राहते आणि नाटक न्यायाची चूक दुरुस्त करते. मृत मानलेली व्यक्ती परत येणे हीच तेथील निर्वहणाची शक्ती आहे. अडीना परत येऊ शकत नाही. जी एकटीच उत्तर देऊ शकली असती तिलाच विचारता येत नाही, ही जाणीव त्या खोलीतील प्रत्येक प्रश्नामागे उभी असते.

शेवटी एक विलक्षण अदलाबदल घडते. आरंभी बेलिसला टकरच्या अपराधाची खात्री होती आणि पेम्बल्टन साशंक होता. टकर निघून गेल्यानंतर पेम्बल्टनला तोच खुनी असल्याचे पटलेले असते, आणि बेलिसची खात्री मात्र डळमळीत झालेली असते. बारा तासांत दोघांनी तेच पाहिले, तेच ऐकले. निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध निघाले. या अदलाबदलीमुळे प्रेक्षकाचा शेवटचा आधारही जातो. एकाचे मत ठाम राहिले असते तर प्रेक्षकाने त्याचा आश्रय घेतला असता. येथे दोन्ही मते एकमेकांना छेदतात, आणि निर्णयाचे ओझे पाहणाऱ्याच्या शिरावर येते.

८. अनुपस्थित पात्र

या संहितेवर एक गंभीर आक्षेप घेता येईल. एका बालिकेचा क्रूर खून हे निमित्त करून तीन पुरुषांच्या अंतर्मनाचे नाट्य रंगविले आहे. अडीना स्वतः कोठे आहे? तिला आवाज नाही, भूमिका नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि गुन्हेकथेच्या बहुतांश परंपरेला तो लागू पडतो. तेथे मृत स्त्री किंवा मूल हे कथानकाला गती देणारे साधन म्हणून वापरले जाते.

तथापि, या संहितेला त्या धोक्याची जाण असल्याचे दिसते. शीर्षकात तिन्ही पुरुषांना नाव नाही. ते केवळ तीन माणसे आहेत. नाव आहे ते अडीनाला. खोलीतील संवाद कोठेही भरकटला तरी तिच्यापाशी परत येतो. शिवाय, खुनी सापडला असता तर त्या क्षणी अडीनाची गोष्ट संपली असती आणि प्रेक्षक दुसऱ्या भागाकडे वळला असता. उत्तर न देऊन लेखकाने तिचे प्रकरण मिटू दिले नाही. मालिकेने पुढेही हे भान सोडले नाही. १९९६ मधील 'रेक्विम फॉर अडीना' या भागात एका दुसऱ्या खुनाच्या निमित्ताने प्रकरण पुन्हा वर येते, उत्तराची आशा निर्माण होते, आणि तीही विफल ठरते. अनिर्णय हा येथे शैलीचा खेळ नसून मृत बालिकेशी राखलेले इमान आहे. ज्या वास्तवातून ही कथा आली त्या प्रकरणातील आप्तांना जे मिळाले नाही, ते प्रेक्षकाला फुकट देण्याचे लेखकाने नाकारले.

९. उपसंहार

सात वर्षे व १२२ भाग चाललेली ही मालिका १९९९ मध्ये समाप्त झाली. २००० मध्ये तिच्यावर आधारलेल्या दूरचित्रपटात बेलिस आणि पेम्बल्टन पुन्हा समोरासमोर येतात. या वेळी कबुली देणारा बेलिस असतो : न्यायालयातून सुटलेल्या एका खुन्याला आपण ठार केले, हे तो मित्राला सांगतो. 'थ्री मेन अँड अडीना' मध्ये सुरू झालेले वर्तुळ येथे पूर्ण होते. न मिळालेली कबुली शोधणारा अधिकारी अखेर स्वतःच कबुली देणारा झाला. टकरने दाखविलेल्या काळोख्या बाजूचा प्रत्यय त्याने आपल्या कृतीने दिला. टकरची भूमिका करणारे ज्येष्ठ नट मोझेस गन डिसेंबर १९९३ मध्ये, तर पेम्बल्टनची भूमिका करणारे आंद्रे ब्रॉअर डिसेंबर २०२३ मध्ये निवर्तले. परंतु त्या खोलीतील त्यांचा सामना नव्या प्रेक्षकांपुढे अद्यापि येत आहे.

या भागाच्या टिकाऊपणाचे कारण वरील विवेचनातून असे सांगता येईल : गुन्हेकथेचे सारे तंत्र त्याने प्रामाणिकपणे वापरले आणि त्या तंत्राचे फळ मात्र नाकारले. न्यायवैद्यक शास्त्राची साधने गेल्या तीन दशकांत पुष्कळ वाढली असली, तरी त्या नकाराची सत्यता कमी झालेली नाही. कारण ही कथा पुराव्याच्या अभावाविषयी कमी आणि माणसाला माणूस कितपत कळू शकतो याविषयी अधिक आहे. बारा तासांत तिघे एकमेकांना जितके ओळखतात तितके आप्तही क्वचित ओळखतात. एवढ्या ओळखीनंतरही तिने मारले जाण्याच्या त्या रात्री काय घडले, ते कळत नाही. शोक करण्यासाठी माणसाला उत्तर हवे असते. उत्तर नसतानाही शोक करावा लागतो, हे या नाट्याने दाखविले, आणि गुन्हेकथेच्या मर्यादेत राहून ते शोकात्मिकेच्या पायरीला पोहोचले.